अळंबीचे वाळवण

आपल्या भाषेने अळंबीवर फारशी माया केलेली नाही. कोणी एकाएकी पुढे आला, चार दिवस मिरवला आणि दिसेनासा झाला, की आपण खुशाल म्हणतो, "पावसाळ्यातली कुत्र्याची छत्री!" देशावरच्या पुष्कळ घरांत ही छत्री परसात दिसली तर मुलांना तिला हात लावू देत नाहीत. कोकणात आणि गोव्यात मात्र रीत निराळी. तिथे पावसाचा पहिला जोर ओसरला की वारुळांवर उगवणारी अळंबी पानांत बांधून बाजारात येते, आणि श्रावणात ज्यांच्या घरी मासळी बंद असते ती माणसे तर तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असतात.

तुच्छता काय किंवा कौतुक काय, दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. अळंबी टिकत नाही. सकाळी टवटवीत असलेली संध्याकाळी मलूल होते, आणि दुसऱ्या दिवशी तिला वास येऊ लागतो. ताज्या अळंबीच्या दहा भागांत सुमारे नऊ भाग नुसते पाणी असते. आणि जिथे पाणी तिथे कुजणे, हा तर स्वयंपाकघरातला पहिला धडा.

या धड्यावर माणसाने काढलेला तोडगाही आपल्या घरोघरी ठाऊक आहे. चैत्र-वैशाखात गच्चीवर जुनी धोतरे अंथरून कुरडया, सांडगे आणि पापड घालणाऱ्या बायका आणि हातात काठी घेऊन कावळे हाकणारी मुले ज्याने कधी पाहिली नाहीत, असा वाचक या अंकाला विरळाच मिळेल. त्या धोतरावर आपण अळंबी मात्र सहसा घातली नाही. ज्यांनी ती घातली त्यांच्या वाळवणाची ही हकीकत आहे. ती चीनच्या डोंगरात सुरू होते, जपानच्या बेटांवर वाढते, आणि अलीकडे आपल्या ओट्यावरच्या विजेच्या ओव्हनपर्यंत येऊन पोचते.

या हकीकतीची नायिका एक तपकिरी, जाड टोपीची अळंबी आहे. चिनी लोक तिला शियांगकू म्हणतात. शियांग म्हणजे सुवास. जपानी लोक तिला शिताके म्हणतात. शिई नावाच्या झाडावर येणारी अळंबी, एवढाच त्याचा साधा अर्थ. ही मातीत उगवत नाही. रानात उन्मळून पडलेल्या, जीव गेलेल्या लाकडात तिचे पांढरे तंतू शिरतात, वर्ष-दोन वर्षे आतल्या आत लाकूड पोखरतात, आणि मग एखाद्या पावसानंतर सालीतून तपकिरी टोप्या बाहेर पडतात. एरवी जंगलात वाया जाणारे लाकूड अशा रीतीने माणसाच्या ताटात येते.

चीनच्या चेच्यांग प्रांतात दक्षिणेकडे छिंगयुआन, लोंगछुआन आणि चिंगनिंग असे तीन डोंगराळ तालुके आहेत. शेतीला सपाट जमीन थोडी, रान मात्र अफाट. इथले लोक वू सान-कोंग नावाच्या पुरुषाला आपला मूळपुरुष मानून पूजतात. बाराव्या शतकातल्या या माणसाने रानात हिंडताना पाहिले, की लाकडावर कुऱ्हाडीचे घाव जिथे पडले होते तिथेच अळंबी जास्त उगवली आहे, आणि त्यावरून लागवडीची युक्ती काढली, अशी त्यांची श्रद्धा आहे. ही झाली दंतकथा. पण तिच्या पाठीशी कागदही आहे. वांग चेन नावाच्या अधिकाऱ्याने १३१३ साली शेतीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. लाकडी खिळ्यांचे छापकाम कसे करावे याचे वर्णनही ज्या ग्रंथात सापडते, तोच हा. त्यात अळंबीच्या लागवडीची सगळी कृती दिलेली आहे. सावलीची जागा पाहावी, योग्य ते झाड पाडावे, त्यावर कुऱ्हाडीने खाचा पाडाव्यात, माती लोटावी; लाकूड कुजू लागले की अळंबीचे तुकडे करून त्या खाचांत पसरावेत, पाला घालावा आणि अधूनमधून तांदळाच्या धुवणाचे पाणी शिंपडावे. शेवटी एक मोठी मौजेची सूचना आहे: लाकडावर दांडक्याने ठोकावे. या ठोकण्याला त्याने 'अळंबीला दचकवणे' अशा अर्थाचा शब्द वापरला आहे. वाचताना हसू येते. पण आजही शिताकेचे शेतकरी ओंडके पाण्यात बुडवून काढतात, त्यांना ठोकतात, आपटतात, आणि त्या धक्क्याने ती खरोखरच उगवते.

वांग चेनने आणखी दोन गोष्टी जाता जाता लिहून ठेवल्या आहेत, आणि आपल्या विषयाला त्याच जास्त मोलाच्या. एक म्हणजे, ही अळंबी ताजी शिजवली तरी रुचकर लागते आणि उन्हात वाळवली तरी तिचा माल होतो. दुसरी अशी, की दुर्गम डोंगरांतले गरीब लोक शेतीच्या जागी हाच धंदा करून पोट भरतात. या दोन गोष्टींची सांगड आपण घालायची. डोंगरातला माणूस ताजी अळंबी घेऊन शहराच्या बाजारापर्यंत पोचेपर्यंत त्याच्या टोपलीत चिखल उरला असता. ती वाळली, हलकी झाली, महिनोन्महिने टिकू लागली, म्हणूनच तिच्यावर गावेच्या गावे जगली. लागवडीची युक्ती थोर खरी; पण वाळवण नसते तर त्या युक्तीला बाजार मिळाला नसता.

त्या तीन तालुक्यांतले पुरुष हिवाळा लागला की घर सोडून दूरदूरच्या प्रांतांतल्या रानांत जात. तिथे झावळ्या-फांद्यांची खोपटी उभारून राहत. थंडीत पीक येई, आणि थंडीत ऊन कुठले? म्हणून खोपटाच्या आत कोळशाच्या मंद आचेवर बांबूच्या चाळणी ठेवून रात्रभर अळंबी वाळवत. आच जरा वाढली तर माल करपला, आच विझली तर माल सडला. तेव्हा कोणीतरी जागे राहणे आलेच. आज आपण ओव्हनची कळ फिरवून जे साधतो, ते हे लोक डोळ्यांत तेल घालून साधत. वसंत आला की वाळलेला माल खांद्यावर घेऊन ते घरी परतत. आपल्या धंद्याची गुपिते परक्याला कळू नयेत म्हणून त्यांनी आपसांत एक सांकेतिक बोलीही बनवली होती. आपल्याकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हिवाळ्याबरोबर निघणारा आणि उन्हाळ्याआधी परतणारा हा संसार समजावून सांगावा लागणार नाही.

आता आपण डोंगर उतरून समुद्रकाठी येऊ. साल १२२३. वांग चेनचा ग्रंथ लिहिला जायला अजून नव्वद वर्षे आहेत. आज ज्याला निंगपो म्हणतात त्या चिनी बंदरात जपानहून आलेले एक गलबत नांगरून पडले होते. त्यावर तेवीस-चोवीस वर्षांचा एक जपानी भिक्षू होता. त्याचे नाव दोगेन. बौद्ध धर्माचे खरे मर्म शिकायला तो समुद्र ओलांडून आला होता, आणि मठात प्रवेश मिळेपर्यंत त्याचा मुक्काम गलबतावरच होता. पुढे हाच दोगेन जपानातल्या सोतो झेन पंथाचा संस्थापक झाला.

पाचव्या महिन्याच्या चौथ्या दिवशी एक म्हातारा भिक्षू गलबतावर चढला. वय एकसष्ट. त्याला धर्मचर्चा नको होती. त्याला जपानी मालातले एक वाळवण विकत हवे होते. मूळ शब्दावरून अभ्यासकांत थोडा वाद आहे, कोणी त्याचा अर्थ तुतीची फळे असा करतात. पण ते वाळलेले शिताके असावे असेच बहुतेक जण मानतात. हा म्हातारा एका मोठ्या मठाचा मुख्य आचारी होता. दुसऱ्या दिवशी पाचव्या महिन्याची पंचमी, म्हणजे चिनी लोकांचा मोठा सण. मठातल्या भिक्षूंना त्या दिवशी शेवयांचे सार करून घालावे असे त्याच्या मनात होते, आणि सारात घालायला कोठीत काही नव्हते. तेवढ्यासाठी तो सुमारे सहा कोस चालत आला होता आणि लगेच तेवढाच चालत परत जाणार होता.

तो मठ कोणता? त्याचे नाव आयुवांग. चिनी भाषेत आयुवांग म्हणजे राजा अशोक! ज्याच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली आपल्या नालासोपाऱ्याला सापडला, तोच हा सम्राट. अशोकाने जगभर चौऱ्याऐंशी हजार स्तूप उभारले आणि त्यांतला एक इथे आहे, अशा श्रद्धेने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस तो मठ स्थापन झाला. आपला एक राजा चीनच्या डोंगराला नाव देतो आणि त्या डोंगरावरच्या सारासाठी जपानहून वाळवण येते. नकाशा पुढे ठेवून वर्गात सांगावी अशी ही गोष्ट आहे.

दोगेनने म्हाताऱ्याला आग्रह केला की रात्री इथेच राहावे, जेवावे, बोलावे. म्हातारा म्हणाला, ते शक्य नाही, उद्याच्या स्वयंपाकाकडे मी स्वतः लक्ष दिले पाहिजे. तेव्हा तरुणाने त्याला जरा टोचूनच विचारले, की या वयात ध्यानधारणा करावी, थोरांची वचने वाचावीत, ते सोडून ही चुलीपाशी राबण्याची उपाधी कशाला? म्हातारा मोठ्याने हसला आणि म्हणाला, की परदेशच्या या भल्या गृहस्थाला साधना म्हणजे काय ते अजून उमगलेले नाही. एवढे बोलून, दिवस मावळायला आला होता म्हणून, तो झपाझप निघून गेला.

मग दोगेन थिएनथोंग नावाच्या मठात राहिला. तिथे भर उन्हाळ्यात, दुपारी, त्याला दुसरा एक म्हातारा आचारी भेटला. वय अडुसष्ट, पाठ धनुष्यासारखी वाकलेली, भुवया पांढऱ्याशुभ्र. हातात बांबूची काठी, डोक्यावर काही नाही, आणि पायाखालच्या फरशा तापून लाल झालेल्या. बुद्धमंदिरासमोर तो वाळवण घालत होता. हे वाळवण अळंबीचे होते असे काही भाषांतरकार म्हणतात, काही म्हणतात ते समुद्रातले शेवाळ होते. उन्हाची धग दोहोंना सारखीच. दोगेनला त्याची दया आली. हाताखालच्या माणसाकडून हे का करून घेत नाही, असे त्याने विचारले. म्हाताऱ्याच्या उत्तराचा भाव असा होता, की दुसऱ्याने केले तर ते माझे करणे होणार नाही. बरे, पण एवढ्या उन्हात कशाला? त्यावर म्हाताऱ्याने उलट त्यालाच विचारले, की मग ही वेळ सोडून मी कोणत्या वेळेची वाट पाहू?

आमच्या घरोघरच्या आज्या हेच बोलत आल्या आहेत. ऊन आहे तोवर वाळवण घालायचे. ऊन गेल्यावर शहाणपण सुचून काय उपयोग? पण त्यांचे बोलणे कोणी टिपून ठेवले नाही. या दोन आचाऱ्यांचे टिपले गेले, कारण ऐकणारा दोगेन होता. जपानात परतल्यावर १२३७ साली त्याने मठाच्या आचाऱ्यासाठी एक छोटी पोथी लिहिली आणि तिच्यात हे दोन्ही प्रसंग घातले. खरी साधना काय ते आपल्याला या आचाऱ्यांकडून कळले, असे तो कृतज्ञतेने सांगतो. सहा कोस चालून आलेल्या पहिल्या म्हाताऱ्याचे नाव मात्र पोथीत नाही. दुसऱ्याचे आहे, तेही एका अक्षराचे: योंग. वाळवण घालणाऱ्याला इतिहासात एवढीच जागा मिळते.

जपानी मठांतून मांस-मासळी वर्ज्य. साराला खोली यायची ती वाळलेल्या समुद्रवनस्पतीने आणि वाळलेल्या शिताकेने. म्हणून शिताकेला मठांत मान, मठांतून सरदारांच्या घरी मान, आणि पुढे सणासुदीला सामान्य घरांतही मान. मागणी अशी वाढत गेली. उगवण मात्र दैवावर राहिली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्युशू बेटावर, आजच्या ओइता जिल्ह्यात, गेनबेई नावाच्या एका कोळसेवाल्याने भट्टीसाठी तोडून ठेवलेल्या ओंडक्यांवर शिताके उगवलेले पाहिले आणि ओंडक्यांवर मुद्दाम घाव घालायला सुरुवात केली, असे तिकडे सांगतात. चिनी दंतकथेशी तिचे साम्य वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. १७९६ साली सातो चुऱ्यो या विद्वानाने जपानीत या लागवडीवर लिहिले, आणि त्याच्याही लेखाच्या नावात अळंबीला दचकवणे आहेच.

घाव घालायचे आणि वाट पाहायची. वाऱ्याबरोबर उडत येणारे शिताकेचे सूक्ष्म बीज त्या घावांत पडले तर पडले. पडले तर त्या घराचे भाग्य उजळले. नाही पडले, दुसऱ्याच कुठल्या बुरशीने लाकूड आधी व्यापले, तर दोन-तीन वर्षांची मेहनत आणि लाकडासाठी काढलेले कर्ज दोन्ही बुडाले. शेतकरी घरदार सोडून परागंदा होत. पावसाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्या आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला या जुगाराची जात ओळखीची वाटेल.

१९३० च्या दशकात किसाकू मोरी नावाचा एक तरुण विद्यार्थी ओइताच्या एका खेड्यात गेला होता. तिथे त्याने एक दृश्य पाहिले आणि ते त्याच्या मनातून गेले नाही. शेतकरी ओंडक्यांपुढे हात जोडून गुडघे टेकून बसले होते आणि अळंबीला विनवत होते, की तू उगव, नाहीतर आम्हांला गाव सोडावे लागेल. मोरीने ठरवले, की ही विनवणी थांबली पाहिजे. पुष्कळ वर्षांच्या खटपटीनंतर १९४२ साली त्याची युक्ती सिद्ध झाली, आणि ती ऐकायला अगदी सोपी आहे. लाकडाची बारीक पाचर घ्यायची, तिच्यात शिताकेचे शुद्ध तंतू वाढवायचे, ओंडक्याला भोक पाडायचे आणि पाचर हातोडीने आत ठोकून बसवायची. वाऱ्याने येणारे बीज माणसाच्या हाती आले. ओइताची रया पालटली, आणि जपानातल्या वाळलेल्या शिताकेत त्या जिल्ह्याचा वाटा आजही सगळ्यांत मोठा आहे.

इथपर्यंत वाळवण म्हणजे टिकवण, असेच आपण धरून चाललो. पण शिताकेच्या घरच्या बायकांना एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती: वाळलेली अळंबी ताजीहून चवदार लागते. ताजीला वासही बेताचाच. वाळवून पुन्हा भिजवली की सारे घर दरवळते. हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर जपानी शास्त्रज्ञांनी तीन पायऱ्यांनी दिले. १९०८ साली तोक्योच्या प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी वाळलेल्या समुद्रवनस्पतीच्या सारातून ग्लुटामेट वेगळे काढले, आणि गोड, आंबट, खारट, कडू यांहून निराळी अशी ही चव आहे, असे म्हणून तिला 'उमामी' हे नाव दिले. १९१३ साली त्यांचेच शिष्य शिंतारो कोदामा यांना वाळवलेल्या मासळीत इनोसिनेट हा दुसरा चवदार पदार्थ सापडला. १९५७ साली आकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेट या तिसऱ्याची चव ओळखली, आणि हा तिसरा पदार्थ वाळलेल्या शिताकेत भरपूर असल्याचे पुढे दिसून आले. ग्लुटामेटबरोबर तो मिसळला की दोहोंची चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते, हेही कुनिनाका यांनीच दाखवले. मठातला आचारी समुद्रवनस्पती आणि शिताके एकाच पातेल्यात का घालत होता, त्याचा उलगडा असा सात शतकांनी झाला. आणि तिन्ही पदार्थ ज्या अन्नांशी जोडले गेले ती पाहा: वाळलेली वनस्पती, वाळलेली मासळी, वाळलेली अळंबी. तिन्ही वाळवणेच!

यातली खुबी थोडक्यात सांगतो. ताज्या अळंबीत ग्वानिलेट जवळजवळ सुटे नसतेच. वाळताना अळंबीच्या पेशी फुटतात. मग ती भिजून, गरम होऊ लागली की तिच्यातलीच पाचकद्रव्ये काम सुरू करतात आणि ग्वानिलेट तयार होते. सुवासाचेही तसेच. ज्या गंधकयुक्त द्रव्यामुळे शिताके दरवळते ते १९६० च्या दशकात ओळखले गेले, आणि तेही वाळवण्या-भिजवण्याच्या उलाढालीतच जन्माला येते. म्हणूनच जाणत्या जपानी गृहिणी शिताके कढत पाण्यात घाईने भिजवत नाहीत. थंड पाण्यात रात्रभर ठेवतात आणि मग हळूहळू तापवतात. ते पाणी त्या कधी ओतून देत नाहीत, कारण अर्धी चव त्यातच असते. वाळवणाने जे आधी नव्हते ते निर्माण होते, एवढे यावरून कबूल करायला हरकत नाही.

उन्हाचे देणे आणखी एक आहे. अळंबीत एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. त्यावर सूर्याचे अतिनील किरण पडले की त्याचे ड जीवनसत्त्व बनते. आचेवर किंवा यंत्रात वाळलेल्या अळंबीत ते थोडे असते. मात्र तीच अळंबी खालची झालर वर करून काही तास उन्हात ठेवली की ते पुष्कळ वाढते. थिएनथोंगच्या म्हाताऱ्याला याची कल्पना नव्हती, पण भर दुपारची त्याची वेळ काही चुकली नव्हती.

जपानात आता बहुतेक शिताके गरम हवेच्या यंत्रात वाळते. ऊन लहरी असते. यंत्र रात्रीही चालते. पण धंद्याची चिंता यंत्राने मिटली नाही. १९८४ च्या सुमारास जपानात वर्षाला सुमारे १६ हजार टन वाळलेले शिताके निघे. आता त्याचा पाव हिस्साही निघत नाही. चीनमधून स्वस्त माल येऊ लागला, तरुण मुले शहरांत गेली, आणि ओंडके उचलणारे हात म्हातारे झाले. त्यात २०११ साली फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाला. किरणोत्सारी द्रव्ये रानांवर पडली, झाडांत शिरली, आणि पूर्व जपानच्या कित्येक भागांत ओंडक्यांवरच्या शिताकेची विक्री थांबवावी लागली. रानाच्या लाकडावर जगणाऱ्या अळंबीला रानाचे दुखणे लागणारच. दुसऱ्या बाजूने थोडे समाधानही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने २०१३ साली ओइताच्या कुनिसाकी परिसराला, आणि २०२२ साली छिंगयुआनच्या डोंगरांना जागतिक शेतीवारशाचा मान दिला. कुऱ्हाडीचा घाव आणि रात्रभरची आच यांची ही पावती पोचायला आठशे वर्षे लागली!

आता आपल्या ओट्याकडे वळू. पांढऱ्या अळंबीच्या पुड्या हल्ली तालुक्याच्या गावीही मिळतात. कधी चार पुड्या स्वस्तात येतात, दोन दिवसांत त्या काळ्या पडू लागतात आणि घरात कुरकुर सुरू होते. अशा वेळी छिंगयुआनच्या खोपटातली विद्या कामी येते. अळंबी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, पाण्यात बुडवून ठेवू नये. अर्ध्या बोटापेक्षा पातळ, सारख्या जाडीच्या चकत्या कराव्यात. काही जाड आणि काही पातळ झाल्या तर पातळ करपतात आणि जाड ओल्या राहतात. जाळीवर एकीला दुसरी लागणार नाही अशा पसराव्यात. ओव्हनची आच ५० ते ६० अंशांच्या मध्ये ठेवावी आणि दार किंचित उघडे राहील असे पाहावे, कारण वाफ बाहेर गेली नाही तर चकत्या वाळण्याऐवजी शिजतात. घाईने आच वाढवली की वरून कडक पापुद्रा धरतो, आतला ओलावा कोंडतो, आणि बरणीत महिन्याभरात बुरशी दिसते. मध्ये एकदा उलटाव्यात. जाडीप्रमाणे सहा-आठ तास, कधी जास्तही लागतात. चकती वाकवली तर वाकू नये, कट्‌कन मोडावी, ही खरी परीक्षा. पापडाची परीक्षा ज्यांना येते त्यांना ती शिकवावी लागत नाही. पुरत्या गार झाल्या की घट्ट झाकणाच्या बरणीत भराव्यात. किलोभर अळंबीची शंभर ग्रॅमच्या आसपास भरते, तेव्हा बरणी पाहून खट्टू होऊ नये.

एक ताकीद मात्र शिक्षकाच्या सवयीने देऊन ठेवतो. रानातली अनोळखी छत्री वाळवली म्हणून खाण्याजोगी होत नाही. जहाल अळंबीचे विष आचेने जात नाही, उन्हानेही जात नाही.

वैशाखातले ऊन हाताशी असताना ओव्हनची वीज जाळावी असे मी म्हणणार नाही. पण अळंबीचा हंगाम पावसाळ्याचा, आणि आपल्याकडे पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नाही. तेव्हा ओव्हन म्हणजे त्या खोपटातली कोळशाची आचच समजायची. फरक इतकाच, की आता रात्रभर कोणाला जागावे लागत नाही. हिमाचल आणि काश्मीरच्या डोंगरांतही लोक वसंतात रानातली गुच्छी वेचतात, दोऱ्यात ओवून तिच्या माळा करतात, आणि त्या कधी उन्हात तर कधी चुलीवर टांगतात. उपाय निरनिराळे, काळजी एकच: आज हाती आलेले उद्याला पोचावे.

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले, की घरातली एखादी आजी मागच्या उन्हाळ्यातली बरणी फडताळातून काढते आणि मूठभर पापड्या तळून मुलांपुढे ठेवते. मुले त्या खातात आणि खेळायला पळतात. वैशाखातल्या त्या दुपारी आजीने गच्चीवर किती वेळ काढला, हे कोणी विचारत नाही. यंदा विचारून पाहावे. तिच्या उत्तराला पोथीत जागा नाही मिळाली, तरी घरातल्या चार माणसांच्या ध्यानात ती मिळायला हरकत नसावी.